एनआरझेड की पॅम-४? चॅनल तोच, मग सिम्युलेशनचा निकाल दर वेळी का फिरतो

दर चार-सहा महिन्यांनी आमच्याकडे हाच तमाशा होतो. बॅकप्लेनचं, म्हणजे कार्डं एकमेकांना जोडणाऱ्या मोठ्या बोर्डाचं, नवं काम येतं, सेकंदाला २५.७८ गिगाबिटची लिंक २४ इंचांच्या ट्रेसवरून (बोर्डावरच्या तांब्याच्या पट्टीवरून) न्यायची असते आणि प्रश्न पडतो, सिग्नल दोन पातळ्यांचा (एनआरझेड) ठेवायचा की चार पातळ्यांचा (पॅम-४). चॅनलची, म्हणजे सिग्नलच्या त्या सगळ्या वाटेची, फाइल एकच. ती दोघं जण आपापल्या टूलमध्ये घालतात. एकाकडे एनआरझेडचा आय (सगळे बिट एकावर एक काढल्यावर मध्ये दिसणारी डोळ्यासारखी मोकळी जागा) छान उघडलेला, दुसऱ्याकडे तोच मिटलेला आणि पॅम-४ बरा. मग टूल कुणाचं चांगलं यावर जेवणाच्या सुट्टीत भांडण.

गेल्या वेळी ज्युनिअरने संध्याकाळी सात वाजता लॅपटॉप माझ्या टेबलावर आणून ठेवला. म्हणाली, "सर, काल एनआरझेड जिंकत होतं, आज पॅम-४ जिंकतंय. मी काहीच बदललेलं नाही." मी म्हटलं, "अगं, काहीच बदललं नाही असं होत नाही. तू नसशील बदललं, टूलने बदललं असेल." अंधेरीच्या एमआयडीसीतून सातला निघालं काय आणि साडेआठला काय, गर्दी तेवढीच. म्हणून बसलो. त्या रात्री सापडलं ते आणि आधीच्या वेळांचं धरून हे लिहितोय. पुढच्या वेळी नवीन माणसाला पहिल्यापासून शोधायला लागू नये.

आधी कागद-पेन. टूल उघडायच्या आधी निकाल साधारण कुठे पडणार हे हातानं काढा. पॅम-४ मध्ये एका सिम्बॉलमध्ये दोन बिट जातात, त्यामुळे नायक्विस्ट, म्हणजे सिम्बॉलच्या वेगाच्या निम्मी फ्रिक्वेन्सी, निम्म्यावर येतो. २५.७८ गिगाबिटला एनआरझेडचा नायक्विस्ट १२.८९ गिगाहर्ट्झ, पॅम-४ चा ६.४५. त्याची किंमत अशी की त्याच स्विंगमध्ये तीन आय एकावर एक बसवायचे असतात, म्हणून प्रत्येकाची उंची एक तृतीयांश. डीबीत हे ९.५ होतं. म्हणजे १२.८९ वरचा लॉस आणि ६.४५ वरचा लॉस यांच्यातला फरक साडेनऊपेक्षा बराच कमी असेल तर एनआरझेड, बराच जास्त असेल तर पॅम-४. क्रॉसटॉक (शेजारच्या लेनमधून शिरणारा सिग्नल), जिटर (कडांचं वेळेत मागेपुढे होणं), इक्वलायझरची (चॅनलने बिघडवलेला सिग्नल सावरणाऱ्या सर्किटची) ताकद यातलं काही या हिशोबात नाही, त्यामुळे हा शेवटचा शब्द नव्हे. पण टूल याच्या साफ उलटं सांगत असेल तर ते का, याचं कारण सापडायला हवं.

आमच्या चॅनलचा लॉस ६.४५ ला सुमारे १७ डीबी आणि १२.८९ ला सुमारे २७. फरक १०. म्हणजे बरोबर उंबरठ्यावर. निकाल फिरतोय तो याच्यामुळे. फरक ५ असता किंवा १५ असता तर कितीही गबाळं सिम्युलेशन केलं तरी उत्तर एकच आलं असतं. उंबरठ्यावरच्या चॅनलला अर्ध्या डीबीची चूकही इकडून तिकडे ढकलते. खाली जे जे लिहिलंय ते सगळं अर्ध्या-एक डीबीचेच खेळ आहेत. एक सोडून. तो पहिला.

पोर्टांचा क्रम. चार पोर्टांची एस-पॅरामीटर फाइल (कुठल्या टोकातून किती सिग्नल पलीकडे जातो आणि किती परततो याची नोंद) कुणी १ मधून २ आणि ३ मधून ४ अशी मोजतं, कुणी १ मधून ३ आणि २ मधून ४. फाइलमध्ये ते लिहिलेलं असतंच असं नाही, आणि टूल विचारत नाही, स्वतःचं गृहीत धरून मोकळं होतं. चूक ओळखायला सोपी आहे. डिफरेन्शियल इन्सर्शन लॉस, म्हणजे तारांच्या जोडीतून पलीकडे पोहोचताना होणारी घट, काढा. कमी फ्रिक्वेन्सीला तो शून्य डीबीच्या जवळून सुरू व्हायला हवा. त्याऐवजी क्रॉसटॉकसारखा उणे चाळीस-पन्नासवर लोळत असेल आणि रिटर्न लॉस (परत फिरणारा सिग्नल) शून्याला चिकटलेला असेल, तर क्रम उलटलाय. यात आय फिरत नाही, मरतोच, त्यामुळे दहा मिनिटांत लक्षात येतं. मात्र कनेक्टरच्या आठ-बारा पोर्टांच्या फाइलमध्ये एखादीच जोडी चुकली तर लक्षात येत नाही. शेजारच्या लेनचा क्रॉसटॉक फक्त गायब होतो आणि सगळे खूश.

आता खरं जिथे अडतं ते. त्या रात्रीचा चोर इथेच सापडला. फाइल किती गिगाहर्ट्झपर्यंत मोजलीय?

आमची फाइल २० गिगाहर्ट्झपर्यंतची होती. त्याच्या वरचं मशीन त्या वेळी मिळालं नव्हतं. पॅम-४ ला २० पुष्कळ झाले, नायक्विस्टच्या तिप्पट. पण एनआरझेडला २० म्हणजे नायक्विस्टच्या दीडपटीच्या जरा वर. ट्रान्समीटरची कड १० पिकोसेकंदांची असेल तर ०.३५ भागिले १० पिकोसेकंद या जुन्या हिशोबाने ३५ गिगाहर्ट्झपर्यंत ऊर्जा आहे. २० च्या पुढे काय करायचं हे टूल ठरवतं. एक टूल पुढे शून्य भरतं, म्हणजे चॅनल २० वर भिंतीसारखा तुटतो. कड बोथट होते, शिवाय मागेपुढे लहरी उठतात. दुसरं टूल शेवटच्या बिंदूची किंमतच पुढे ओढत नेतं, म्हणजे प्रत्यक्षात तिथे लॉस वाढत जायला हवा तर तो सपाट राहतो आणि एनआरझेडला फुकटची ऊर्जा मिळते. तिसरं उतार बघून पुढे रेघ ओढतं. तिघांचीही पॅम-४ ची उत्तरं जवळजवळ सारखी आणि एनआरझेडची तीन तऱ्हांची. ज्युनिअरच्या बाबतीत झालं ते एवढंच, की आदल्या रात्री टूल अपडेट झालं आणि ती सेटिंग मूळपदावर गेली. तिने खरंच काही बदललं नव्हतं.

उपाय पैशाचा आहे, लपवत नाही. ४० गिगाहर्ट्झपर्यंत मोजून आणा, भाड्याने मशीन घ्या, कुणाच्या लॅबचे दोन तास मागून घ्या. ते होईपर्यंत मधला मार्ग असा. २० च्या वरच्या भागासाठी बोर्डाचं मॉडेल तयार करा, मोजलेल्या भागाशी ते जुळतंय हे तपासा आणि तुलना त्या मॉडेलवर करा. एक्स्ट्रापोलेशन टूलवर सोडू नका. आणि अहवालात फाइलची वरची मर्यादा आकड्यात लिहा. मी तर हल्ली फाइलच्या नावातच घालतो.

पावलं किती मोठी आहेत तेही बघा. फ्रिक्वेन्सीचं पाऊल आणि वेळेची खिडकी यांचं व्यस्त नातं आहे. १० मेगाहर्ट्झच्या पावलाने १०० नॅनोसेकंदांची खिडकी मिळते, १०० मेगाहर्ट्झच्या पावलाने १० नॅनोसेकंदांची. आता बघा, २४ इंच म्हणजे इंचाला साधारण १६०-१७० पिकोसेकंद धरून ४ नॅनोसेकंद. दूरच्या कनेक्टरवर आपटून मागे येऊन, जवळच्या कनेक्टरवर आपटून पुन्हा पुढे गेलेला प्रतिध्वनी तीन फेऱ्या करतो, म्हणून १२ ला पोहोचतो. खिडकी १० चीच असेल तर तो बाहेर जात नाही, गुंडाळून २ वर येऊन बसतो. मूळ सिग्नल ४ ला येणार आणि त्याचा प्रतिध्वनी २ ला. मुलाच्या आधी नातू. इम्पल्स रिस्पॉन्सचा (एका क्षणिक ठोक्याला चॅनलने दिलेल्या उत्तराचा) आलेख मोठा करून पाहिला की ४ च्या आधी सपाट रेघेवर एक छोटा उंचवटा दिसतो, तो हाच. लोक त्याला कॉझॅलिटीचा (कारणाआधी परिणाम दिसण्याचा) दोष म्हणतात आणि दुरुस्तीचं बटण दाबतात. बटण दाबल्यावर उंचवटा जातो, पण त्याच्याबरोबर खरा प्रतिध्वनीही जातो, आणि आय आहे त्यापेक्षा चांगला दिसतो. पाऊल १० मेगाहर्ट्झ किंवा त्याहून कमी ठेवा आणि पुन्हा मोजा.

खालच्या टोकाचंही तसंच. नेटवर्क अॅनालायझर हे एस-पॅरामीटर मोजणारं मशीन शून्यापासून मोजत नाही. आमचा १० मेगाहर्ट्झपासून सुरू होतो, त्याखालचं टूल स्वतःच्या मनाने भरतं. डीसीचा (शून्य फ्रिक्वेन्सीचा) बिंदू चुकला की स्टेप रिस्पॉन्स भलत्याच पातळीवर जाऊन बसतो. एनआरझेडमध्ये ते खपून जातं, कारण निर्णय शून्याच्या वर की खाली एवढाच. पॅम-४ मध्ये वरचा आणि खालचा आय आपल्या उंबरठ्यापासून सरकतो आणि विनाकारण पॅम-४ वाईट दिसतो.

याची तपासणी लॅमिंग्टन रोडवरच्या साध्या मल्टिमीटरने होते. लाखोंचं टूल आणि त्याला खोटं पाडणारं हातातलं मीटर, मला यात अजून गंमत वाटते. ट्रेस ०.१५ मिलिमीटर रुंद, अर्ध्या औंसाचं तांबं म्हणजे १७.५ मायक्रॉन जाड, २४ इंच लांब. तांब्याच्या रोधकतेवरून गणित केलं तर एका तारेचा रोध सुमारे ४ ओहम येतो. ५० ओहमच्या दोन टोकांमध्ये ४ ओहम म्हणजे १०० भागिले १०४, म्हणजे ०.९६, डीबीत उणे ०.३४. मीटरच्या वायरींचा रोध आधी वजा करा, कारण तो अर्धा ओहम सहज असतो. मीटरचा आकडा ४ च्या आसपास आणि टूलचा डीसी बिंदू उणे ०.३ च्या आसपास, तर ठीक. टूलने तिथे शून्याच्या वरचा आकडा ठेवलाय, किंवा फेज शून्य नाही, तर तो बिंदू हाताने घाला. फाइल साधी मजकुराची असते, आकड्यांच्या सुरुवातीला शून्य फ्रिक्वेन्सीचा बिंदू जोडायचा.

पॅसिव्हिटी आणि रेसिप्रॉसिटी पटकन उरकतो. तांब्याची पट्टी ऊर्जा निर्माण करत नाही, म्हणून एस-मॅट्रिक्सची सर्वांत मोठी सिंग्युलर व्हॅल्यू कुठल्याही फ्रिक्वेन्सीला १ च्या वर जाता कामा नये. आणि १ कडून २ कडे जाताना जो लॉस, तोच उलट येताना. ही दोन्ही तपासण्या सायकिट-आरएफ या पायथनच्या फुकट लायब्ररीत होतात, परवाना लागत नाही. दोष सापडला तर लगेच दुरुस्तीचं बटण नको. आधी आणि नंतरचा लॉस एकावर एक काढा. नायक्विस्टच्या आसपास दशांश डीबीच्या वर फरक पडत असेल तर कॅलिब्रेशन गंडलंय, टॉर्क रेंच घेऊन केबल परत लावा आणि पुन्हा मोजा. हाताने आवळलेला कनेक्टर मला हजार बोर्डांत ओळखता येईल, असं म्हणणारा एक गृहस्थ आमच्याकडे होता. तो बरोबर असायचा.

फाइल मोजलेली नसून स्टॅक-अपवरून (बोर्डाच्या थरांच्या रचनेवरून) तयार केलेली असेल, तर पुढचं वाचा. नाहीतर सोडा.

लॅमिनेटच्या (बोर्डाच्या मूळ पदार्थाच्या) डेटाशीटमधला डायइलेक्ट्रिक स्थिरांक ३.८ आणि टॅन डेल्टा (पदार्थ किती ऊर्जा खातो त्याचं माप) ०.०१ असे दोन आकडे टाकून सगळ्या फ्रिक्वेन्सींना तेच वापरलं, की मॉडेल भौतिकशास्त्राच्या विरुद्ध जातं. लॉस असलेल्या पदार्थाचा स्थिरांक फ्रिक्वेन्सीप्रमाणे थोडा थोडा उतरलाच पाहिजे. नाहीतर सिग्नल वेळेआधी पोहोचतो. टूलमध्ये योर्द्येविच-सरकार किंवा वाइडबँड डिबाय नावाचा पर्याय असतो, तो निवडा आणि डेटाशीटचा आकडा कुठल्या फ्रिक्वेन्सीला मोजलाय ते बरोबर घाला. १ गिगाहर्ट्झचा आकडा १० च्या खान्यात टाकलेला मी तीनदा पकडलाय, त्यातला एक माझाच.

तांब्याचा खडबडीतपणा बंद ठेवलेला असतो, कारण मूळ सेटिंग गुळगुळीत असते. १० गिगाहर्ट्झला तांब्यात प्रवाह फक्त ०.६५ मायक्रॉनच्या थरातून वाहतो. लॅमिनेटला घट्ट धरावं म्हणून फॉइलला जे दात ठेवलेले असतात ते याहून मोठे असू शकतात. म्हणजे प्रवाहाला सरळ रस्ता नाही, घाटाचा रस्ता. हा लॉस वर जाताना वाढतो, १२.८९ ला ६.४५ पेक्षा जास्त मारतो. तो सोडला तर एनआरझेडला फुकटचे गुण मिळतात.

व्हायाचा (थर जोडणाऱ्या भोकाचा) स्टब, म्हणजे न वापरता उरलेला भाग, तोही तसाच. २ मिलिमीटरचा स्टब, स्थिरांक ४ धरला, तर पाव तरंगलांबीच्या हिशोबाने १८.७५ गिगाहर्ट्झला खड्डा पडतो, आणि पॅडच्या कपॅसिटन्समुळे प्रत्यक्षात त्याहून खाली. त्या खड्ड्याची उतरण १२.८९ पर्यंत पोहोचते, ६.४५ पर्यंत फारशी नाही. बॅकड्रिल केलंय (स्टब ड्रिलने काढलाय) असं कागदावर असलं तरी एक कूपन (बोर्डाचा चाचणीचा तुकडा) कापून भिंगाखाली बघा.

तुम्हाला एक गोष्ट खटकली असेल. यातल्या बहुतेक चुका एनआरझेडच्या बाजूने पडतात. म्हणूनच आमच्याकडे "सिम्युलेशनमध्ये एनआरझेड चाललं, बोर्डावर नाही" ही तक्रार जुनी आहे आणि तिच्या उलटी तक्रार मी जवळपास ऐकलेली नाही.

पॅटर्नकडे येऊ. इथे सवयीची चूक आहे. पीआरबीएस-७ हा ठरलेला, पण यादृच्छिक वाटणारा पॅटर्न फक्त १२७ बिटांचा असतो, पटकन संपतो, म्हणून सगळे तोच लावतात. त्यात सलग एकसारखे बिट जास्तीत जास्त ७. प्रत्यक्ष ६४बी/६६बी कोडिंगमध्ये बदलाची खात्री फक्त ६६ बिटांत एकदा. लांबच्या चॅनलमध्ये प्रत्येक बिटाचं मागे रेंगाळणारं शेपूट लांब असतं, सात बिटांत ते पूर्ण दिसतच नाही. आणखी एक. लिंकमध्ये एसी कपलिंगचा (डीसी अडवणारा) ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर असेल तर १०० ओहमबरोबर त्याचा टाइम कॉन्स्टंट १० मायक्रोसेकंद. पीआरबीएस-७ पाच नॅनोसेकंदांत पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो. कपॅसिटरला हललेलं कळतही नाही. बोर्डावर पीआरबीएस-३१ लावला की बेसलाइन डुलायला लागते आणि पॅम-४ चे वरखालचे आय त्याच्याबरोबर डुलतात. पॅम-४ साठी निदान पीआरबीएस-१३क्यू वापरा, त्यात ८१९१ सिम्बॉल आहेत. आणि दोन्ही पद्धतींना एकच दर्जाचा पॅटर्न द्या. एकाला ७ आणि दुसऱ्याला १३ देऊन केलेल्या तुलनेला अर्थ नाही.

आता न्यायाचा प्रश्न. आय कुठल्या बिट एरर रेटला मोजताय? जुन्या सवयीने दोघांनाही १०<sup>-१२</sup> लावलं जातं. पण पॅम-४ ची लिंक एफईसी (जादा बिट पाठवून चुका दुरुस्त करायची सोय) धरूनच आखलेली असते. पीसीआय एक्सप्रेस ६.० हे कॉम्प्युटरमधल्या जोडणीचं मानक जानेवारी २०२२ मध्ये आलं, ६४ गिगाट्रान्सफरला त्यांनी पॅम-४ घेतलं, आणि एफईसीच्या आधीचं लक्ष्य ठेवलं १०<sup>-६</sup>. त्याआधीच्या ५.० मध्ये ३२ गिगाट्रान्सफरला एनआरझेड होतं. दोन्हीचा नायक्विस्ट १६ गिगाहर्ट्झच, म्हणजे तांब्याची जुनीच वाट वापरून दुप्पट माल नेला आणि चुका दुरुस्तीवर सोपवल्या. १०<sup>-१२</sup> ला रँडम जिटर सिग्माच्या (प्रमाण विचलनाच्या) १४ पट धरावा लागतो, १०<sup>-६</sup> ला साडेनऊ पट. १ पिकोसेकंदाच्या सिग्मावर हा साडेचार पिकोसेकंदांचा फरक. एफईसी असलेल्या पद्धतीला एफईसी नसल्यासारखं तपासलं तर ती हरणारच. उलट एनआरझेडलाही एफईसी देता येते, तेव्हा तो पर्याय चालवून बघितल्याशिवाय पॅम-४ ला जिंकवूही नका. एफईसीमुळे विलंब वाढतो, तो तुमच्या ग्राहकाला चालतो का ते त्यालाच विचारा. टूलला ते माहीत नाही.

कमी एरर रेट तपासायला बिट मोजून चालत नाही, हे एकदा स्वतःला पटवून घ्या. १०<sup>-१२</sup> ची ९५ टक्के खात्री हवी असेल तर एकही चूक न होता ३ लाख कोटी बिट जायला हवेत. बोर्डावर २५.७८ गिगाबिटला हे दोन मिनिटांत होतं, चहा येण्याआधी. स्पाइससारख्या ट्रान्झियंट सिम्युलेशनमध्ये हजार बिटांना मिनिटं लागतात, मग ३ लाख कोटींना काय लागेल ते काढून बघू नका. म्हणून स्टॅटिस्टिकल पद्धत वापरतात. एका बिटाचा रिस्पॉन्स घेऊन सगळ्या शक्य शेपटांची बेरीज संभाव्यतेने करायची. ती भराभर होते, पण चॅनल आणि इक्वलायझर दोन्ही रेषीय आहेत असं धरून. डीएफई (आधीच्या बिटांच्या निर्णयावरून सावरणारा इक्वलायझर) निर्णय घेतो, म्हणून तो रेषीय नाही. त्याच्या चुका पुढच्या बिटांत पसरतात, हे स्टॅटिस्टिकल आयमध्ये नीट उतरत नाही.

इथे आयबिस-एएमआय मॉडेल, म्हणजे चिपच्या वागण्याचं मॉडेल द्यायची ठरलेली पद्धत, येतं. आयबिसची सुरुवात १९९३ ची, एएमआय त्यात २००८ च्या ५.० आवृत्तीत आलं. चिपवाल्याकडून डीएलएल (तयार प्रोग्रामची बंद फाइल) मिळते, आत काय आहे ते दिसत नाही. तीत दोन वाटा असतात: एक सुरुवातीला इम्पल्स रिस्पॉन्स बदलून देते, दुसरी बिट बाय बिट वेव्हफॉर्मवर काम करते. मॉडेलला पहिली वाट नसेल तर टूल स्टॅटिस्टिकल आय दाखवतं खरं, पण त्यात इक्वलायझर नसतोच. मग आय मिटलेला दिसतो आणि चॅनलवर खापर फुटतं. उलट बिट बाय बिट चालवताना सुरुवातीचे काही हजार बिट इक्वलायझर स्वतःला जुळवत असतो. तेवढे बिट सोडून द्या असं सांगणारा इग्नोअर-बिट्स नावाचा पॅरामीटर मॉडेलमध्ये असतो. आम्ही एकदा एकूण बिट दहा हजार ठेवले आणि मॉडेलला पन्नास हजार सोडायचे होते. टूलने कुरकुर न करता काहीतरी आय काढून दाखवला. तो आय आम्ही ग्राहकाच्या मीटिंगमध्येही दाखवला होता. असो.

दोन टूलांची भांडणं मिटवायचा माझा आवडता मार्ग: उत्तर आधीच माहीत असलेली गोष्ट दोघांनाही द्या. ५० ओहमची, लॉस नसलेली, १ नॅनोसेकंदाची आदर्श लाइन. स्टेप बरोबर १ नॅनोसेकंदाने, बोथट न होता, लहरी न उठता यायला हवी. मग तीच लाइन २० गिगाहर्ट्झवर कापून द्या. टूल पुढे काय भरतं ते इथे उघडं पडतं, खऱ्या चॅनलच्या गोंधळात पडत नाही. मग पुढच्या टोकाला ७५ ओहम लावा, परावर्तन २० टक्के आलं पाहिजे. परवाना मोकळा नसेल तर हे सगळं एनजीस्पाइसमध्ये आणि पूर्ण लिंकचा अंदाज पायबर्टमध्ये काढता येतो, दोन्ही फुकट. माटुंग्याहून किंवा पवईहून इंटर्नशिपला येणाऱ्या मुलांना मी पहिला आठवडा हेच देतो. त्यांना कंटाळा येतो, चालेल.

एवढं सगळं जुळवूनही आमच्याकडे एक फरक उरायचा, आणि तो उरायचा ठरावीक महिन्यांत. मे महिन्यात मोजलेला बोर्ड आणि सिम्युलेशन गळ्यात गळा. जुलैत तोच बोर्ड, तेच मशीन, लॉस जास्त. दोन वर्षं आम्ही कॅलिब्रेशन किटला शिव्या दिल्या. तिसऱ्या पावसाळ्यात कपाटातल्या सिलिका जेलच्या पुड्या गुलाबी झालेल्या कुणाच्या तरी नजरेस पडल्या. कोरड्या असताना त्या निळ्या असतात.

लॅमिनेटचं रेझिन हवेतलं पाणी शोषतं. रेझिनचा स्थिरांक ३-४, पाण्याचा ८० च्या घरात, आणि गिगाहर्ट्झला पाणी ऊर्जा खातं, मायक्रोवेव्हमध्ये भात तापतो तो त्याच कारणाने. एखाद टक्क्याहून कमी पाणी मुरलं तरी टॅन डेल्टा हलतो. बाहेरच्या थरावरच्या ट्रेसना हे लवकर लागतं, आतल्यांना वर तांब्याचा प्लेन असल्याने सावकाश, पण आपला पावसाळा चार महिन्यांचा आहे, त्याला घाई नाही.

याचा निकालावर काय परिणाम होतो ते आकड्यात बघा. डायइलेक्ट्रिक लॉसचा इंचामागचा ढोबळ हिशोब: २.३ गुणिले गिगाहर्ट्झ गुणिले टॅन डेल्टा गुणिले स्थिरांकाचं वर्गमूळ. ०.०१ टॅन डेल्टाला २४ इंचांत १२.८९ वर १३.९ डीबी, ६.४५ वर ६.९. पाण्याने टॅन डेल्टा ०.०१२ झाला असं धरा. वरचा २.८ ने वाढला, खालचा १.४ ने. म्हणजे दोघांतला फरक आणखी १.४ डीबी. मे मध्ये फरक ९ असेल तर जुलैत १०.४. साडेनऊची रेघ मध्ये. एनआरझेड मे महिन्यात जिंकलं आणि पॅम-४ जुलैत, आणि दोन्ही वेळा टूल बरोबर होतं.

म्हणून हल्ली आम्ही दोन फाइली ठेवतो. एक कोरडी, एक ओली. कोरडीसाठी मोकळं कूपन १०५ अंशांवर काही तास भाजून, खोलीच्या तापमानाला आणून लगेच मोजायचं. ओलीसाठी तेच कूपन जुलैमध्ये खिडकीजवळ आठवडाभर उघडं ठेवायचं, मुंबईत यासाठी ह्युमिडिटी चेंबर घ्यावा लागत नाही. भाजताना दोन पथ्यं: पॅडवर ओएसपीचं (तांबं झाकणाऱ्या सेंद्रिय थराचं) फिनिश असेल तर भाजल्याने ते खराब होतं आणि सोल्डर नीट धरत नाही, म्हणून कूपन वेगळं ठेवा. आणि कॉम्पोनंट बसलेला बोर्ड प्लास्टिकच्या कनेक्टरची मर्यादा न बघता ओव्हनमध्ये टाकू नका. एक बोर्ड पापडासारखा वाकून बाहेर आलाय आमच्याकडे, भिंतीवर लावलाय.

सिम्युलेशन ओल्या फाइलवर चालवतो, कारण ग्राहकाचा रॅक एसीत असेल की वसईच्या शेडमध्ये हे आपल्याला माहीत नसतं. त्यावर पॅम-४ आणि एनआरझेड दोन्ही उंबरठ्यावरच राहिले, तर लॅमिनेट एक पायरी वरचं घेतो किंवा ट्रेस चार इंचांनी आखूड करायला लेआउटवाल्याच्या मागे लागतो. इक्वलायझरचा आणखी एक टॅप वाढवून निकाल रेघेपलीकडे ढकलायचा मोह होतो, तो टाळा.

तरीही आकडे फिरत असतील तर विचारा, पण विचारताना एवढं सोबत द्या: फाइल कुठून कुठपर्यंत आणि किती पावलांची, पोर्टांचा क्रम, पॅटर्न, एरर रेट, एएमआयला किती बिट सोडायचे आणि एकूण किती चालवले, आणि मोजल्याचा महिना. नुसता आयचा स्क्रीनशॉट पाठवलात तर मी पुन्हा हीच यादी मागणार.